‘पास्मा’ला डॉक्टरच्या भाषेत शब्द नाही

दिवसभर इस्त्री केलेली फिलिपिनो बाई संध्याकाळी नळाखाली हात धरणार नाही. हात तापलेले असताना गार पाणी लागलं की ‘पास्मा’ होतो, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं असतं आणि आईला आजीने. मग हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो, बोटं बधिर होतात, शिरा फुगून वर येतात. ही बाई डॉक्टरकडे गेली तर तो साखर तपासेल, थायरॉइड बघेल, मनगटात नस दबली आहे का ते पाहील. पण त्याच्या कागदावर ‘पास्मा’ हा शब्द कुठेही उमटणार नाही. घरी आल्यावर शेजारीण विचारते, काय म्हणाले डॉक्टर? ‘काही निघालं नाही. पास्माच आहे.’

फिलिपिन्समध्ये डॉक्टर आणि नर्स लोकांसाठी खूप लिहितात, बोलतात, समजावत बसतात. याचं मूळ मला या छोट्या संवादात दिसतं. तिथे औषधाची भाषा आधी स्पॅनिश होती, नंतर इंग्रजी झाली. आजाराची भाषा मात्र तागालोग, बिसाया, इलोकानो अशी स्थानिकच राहिली. या दोन्हींमधली ये-जा हा तिथल्या वैद्यकाचा निम्मा इतिहास आहे.

गंमत म्हणजे ‘पास्मा’ मुळात स्पॅनिश, ‘पास्मो’वरून आलेला. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती आणि शरीरातल्या उष्ण-थंडाची युरोपीय कल्पना तिथल्या जुन्या समजुतींत अशी मुरली की आज ती वेगळी काढता येत नाही. झाडपाल्याचा वैद्य तो ‘आल्बुलार्यो’, हाही स्पॅनिश ‘एर्बोलारियो’चा अपभ्रंश. अंग चोळणारे, हाड बसवणारे आणि पूर्वी बाळंतपणही करणारे ते ‘हिलोत’. हिलोत खोबरेल लावलेली केळीच्या पानाची पट्टी पाठीवरून सरकवतो. जिथे पान चिकटून अडतं तिथे ‘लामिग’, म्हणजे गारठा साठला आहे, असं ठरतं. बाळंतीण लवकर कामाला लागली की तिला ‘बिनात’ होतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून कानाला फडकं बांधणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘उसोग’ तर आपल्या दृष्ट लागण्याचा सख्खा भाऊ. पाहुण्याने बाळाचं कौतुक केलं आणि बाळ किरकिरायला लागलं की त्याच पाहुण्याला बोलावून बाळाच्या पोटाला त्याची थुंकी लावायची. आजाराचं कारण शोधायला ‘तावास’, म्हणजे चक्क तुरटी. ती जाळायची आणि फुगून जो आकार होईल त्यात कारण वाचायचं. दृष्ट काढल्यावर निखाऱ्यावरच्या तुरटीत शेजारणीचा चेहरा शोधणाऱ्या आज्या माझ्या पिढीने पाहिल्या आहेत. हल्ली तिकडे तुरटीऐवजी बऱ्याचदा मेणबत्तीचं मेण पाण्यात टाकतात, एवढाच फरक.

स्पॅनिश काळातल्या संस्थांबद्दल थोडक्यात सांगता येईल. मनिलातलं सान हुआन दे दिओस रुग्णालय १५७८ सालचं. देवीची लस १८०५ मध्ये बाल्मिस या स्पॅनिश डॉक्टरच्या मोहिमेबरोबर मेक्सिकोहून जहाजाने आली. ती जिवंत राहावी म्हणून वाटभर एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत आणली होती. सांतो तोमास विद्यापीठात वैद्यकशाखा निघाली ती थेट १८७१ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही गावाकडच्या माणसाला खरा डॉक्टर क्वचितच दिसे.

या काळातला एक डॉक्टर मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. होजे रिझाल म्हणजे फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष, हे आपल्याला ठाऊक असतं. तो डोळ्यांचा सर्जन होता, हे सहसा नसतं. आईची दृष्टी जात होती म्हणून त्याने माद्रिदनंतर पॅरिस आणि हायडेलबर्गला नेत्रवैद्यक शिकून घेतलं, हाँगकाँगमध्ये दवाखाना चालवला आणि आईच्या मोतीबिंदूवर स्वतः शस्त्रक्रिया केली. १८९२ मध्ये स्पॅनिश सरकारने त्याला मिंदानाओ बेटावरच्या दापितानला हद्दपार केलं. तिथे चार वर्षं तो गावकऱ्यांवर उपचार करत राहिला आणि १८९५ मध्ये त्याने एक टिपण लिहिलं: करणी झालेल्या माणसावर उपचार कसे करावेत. युरोपात शिकलेला सर्जन ‘करणी वगैरे काही नसतं’ म्हणून मोकळा होऊ शकला असता. त्याने तसं केलं नाही. करणीवरच्या विश्वासाने माणूस खरोखर आजारी पडतो, तेव्हा उपचारही त्या विश्वासाला धरूनच करावा लागेल, असा त्याचा रोख होता. लिहिलं अर्थात स्पॅनिशमध्ये. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यातल्या बहुतेकांना ते वाचता येणारं नव्हतं. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर १८९६ ला, त्याला गोळ्या घातल्या.

मग स्पेनच्या जागी अमेरिकेची सत्ता आली आणि तिच्या पाठोपाठ १९०२ चा कॉलरा. मनिलाच्या फारोला भागातली रोगट ठरवलेली घरं अमेरिकन अधिकाऱ्यांनी जाळून टाकली, रुग्णांना उचलून छावण्यांत नेलं. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. १९०४ पर्यंत लाखावर माणसं गेली. (१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी काय झालं, ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.) सरकारी आरोग्य खातं म्हणजे दार ठोठावून घरात घुसणारं खातं, ही तिथल्या कित्येकांची आधुनिक वैद्यकाशी झालेली पहिली ओळख.

त्याच अमेरिकेने शाळाही काढल्या, इंग्रजी माध्यमाच्या. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास शिक्षक उतरले. १९०६ मध्ये इलोइलोच्या मिशन रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं, १९०७ मध्ये मनिलात सरकारी वैद्यकीय विद्यालय भरलं, १९१० मध्ये फिलिपिन जनरल हॉस्पिटल उघडलं. अभ्यासक्रम अमेरिकन, पुस्तकं अमेरिकन, भाषा इंग्रजी. आखाती देशांत राहून आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला फिलिपिनो नर्स भेटलेली असतेच. तिचं तिथे असणं या निर्णयांपर्यंत मागे जातं. १९४८ मध्ये अमेरिकेने परदेशी लोकांना ठरावीक मुदतीसाठी बोलावणारा कार्यक्रम सुरू केला आणि १९५६ ते १९६९ या काळात त्यातून अकरा हजारांहून जास्त फिलिपिनो नर्स गेल्या. इंग्रजी येत होतं, अमेरिकन पद्धतीचा वॉर्ड घरच्यासारखा माहीत होता. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने कायम राहायचं दारही उघडलं आणि १९७४ मध्ये मार्कोस सरकारने माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच करून टाकलं.

ही इंग्रजी आपल्या मुलांनाही तिकडे घेऊन गेली. दावाव शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत महाराष्ट्रातले विद्यार्थी आहेत, कारण वर्गात इंग्रजी चालतं. वॉर्डात मात्र पेशंट बिसाया बोलतो.

तिथल्याच डॉक्टरांपैकी काहींनी ही दरी फार लवकर ओळखली. बालरोगतज्ज्ञ फे देल मुंडो यांचा इन्क्युबेटर प्रसिद्ध आहे: कपड्यांच्या दोन टोपल्या, एक लहान एक मोठी, एकीत एक बसवलेल्या, मधल्या जागेत गरम पाण्याच्या बाटल्या. वीज नसलेल्या गावात सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ ऊबेत ठेवायची ही युक्ती. टोपली, बाटली, गरम पाणी, यातली एकही वस्तू गावातल्या बाईला समजावून सांगावी लागत नव्हती. १९५७ मध्ये स्वतःचं घर विकून त्यांनी केसोन सिटीत मुलांचं रुग्णालय उभारलं आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहिल्या.

शब्दांच्या बाबतीत हेच काम हुआन फ्लाविएर यांनी केलं. मनिलाच्या तोंदो वस्तीत जन्मलेला, उंचीने पाच फुटांच्या आतला हा माणूस १९६० मध्ये डॉक्टर झाला आणि शहरात दवाखाना थाटायचं सोडून खेड्यात गेला. कुटुंबनियोजन समजावताना गर्भाशयाची आकृती बाजूला ठेवून तो शेत, पेरणी, कोंबड्या, म्हशी यांचे दाखले देई. खेड्यातल्या या अनुभवांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि घरोघरी वाचलं गेलं. १९९२ मध्ये तो आरोग्यमंत्री झाला, तेव्हा सरकारी खात्याची भाषाच पालटली. सिगारेटविरोधी मोहिमेचं नाव ‘योसी कादिरी’. ‘योसी’ हा सिगारेटसाठी रस्त्यावरचा शब्द आणि ‘कादिरी’ म्हणजे ‘शी, किळसवाणं’. मंत्रालयाच्या फाइलीत असा शब्द येणं ही तोवर कल्पनेबाहेरची गोष्ट होती. निरोधच्या प्रचारावरून त्याचं चर्चशी वाजलं, लोक मात्र हसत हसत त्याच्या बाजूला उभे राहिले. १९९३ मध्ये देशभर लसीकरणाचे दिवस भरले आणि डॉक्टर नसलेल्या गावांत तरुण डॉक्टर पाठवायची योजना सुरू झाली.

झाडपाल्यालाही त्याच काळात सरकारी मान मिळाला. आरोग्य खात्याने दहा वनस्पती तपासून मान्य केल्या. त्यांत लसूण, पेरू, कारलं आणि खोकल्यावर ‘लागुंदी’. ही लागुंदी म्हणजे आपली निर्गुंडी. आपण तिचा पाला तव्यावर गरम करून गुडघे शेकतो. तिकडे तिचं सिरप आणि गोळ्या खोकल्यासाठी औषधाच्या दुकानात मिळतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ‘मालुंगाय’ घालून कोंबडीचा रस्सा देतात. मालुंगाय म्हणजे शेवग्याचा पाला.

औषधाच्या नावावरून मात्र तिथे सरळ भांडण झालं. १९८८ च्या जेनेरिक कायद्याने डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिणं सक्तीचं केलं आणि वैद्यकीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढच्याच वर्षी न्यायालयाने कायदा उचलून धरला. तरी किमती उतरल्या नाहीत. सरकारी व्यापार महामंडळ मग तीच औषधं भारतातून आणायला लागलं, कारण एका परदेशी कंपनीची तीच रक्तदाबाची गोळी भारतात कित्येक पटींनी स्वस्त होती. २००६ मध्ये त्या कंपनीने महामंडळावरच पेटंटभंगाचा दावा लावला. शेवटी २००८ च्या कायद्याने अशा आयातीला मुभा दिली. रोज घ्यायच्या गोळीला तिथे ‘मेंटेनन्स’ म्हणतात. ‘माझं मेंटेनन्स संपलं’ हे वाक्य महिनाअखेरीला कुठल्याही घरात ऐकू येईल. आणि ज्याला पूर्ण पाकीट परवडत नाही तो कोपऱ्यावरच्या ‘सारी-सारी’ दुकानातून तापाची एक सुटी गोळी घेतो. त्या दुकानाला औषध विकायचा परवाना नसतो, हे दोघांनाही माहीत असतं.

माणसं मात्र बाहेर जातच राहिली. २००४ मध्ये डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत देशात पहिला आलेल्या तरुणाने अमेरिकेत नर्स म्हणून जाणार असं जाहीर केलं आणि देश हादरला. तो एकटा नव्हता. त्या वर्षांत हजारो डॉक्टर संध्याकाळच्या वर्गांना बसून नर्सिंग शिकत होते. २०२० मध्ये कोविडने या स्थलांतराचा हिशेब उघडा केला: अमेरिकेतल्या नर्समध्ये फिलिपिनोंचं प्रमाण शेकडा चारच्या आसपास, पण तिथल्या नर्स संघटनेने त्या सप्टेंबरात केलेल्या मोजणीत मृत नर्सपैकी जवळपास एक तृतीयांश त्या होत्या.

भाषेची दरी किती महाग पडते, हे त्याआधीच दिसलं होतं. २०१६ पासून डेंगीची नवी लस आठ लाखांहून जास्त मुलांना टोचली गेली. २९ नोव्हेंबर २०१७ ला उत्पादक कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी कधीच डेंगी झालेला नाही त्यांना लसीनंतर डेंगी झाला तर तो अधिक गंभीर होऊ शकतो. हे ‘ज्यांना आधी झालेला नाही’ फार महत्त्वाचं होतं. पण पत्रकार परिषदेतून टीव्हीवर, टीव्हीवरून चौकात येईपर्यंत ते गळून गेलं आणि उरलं ते एवढंच: लसीने मुलं मरतात. लसी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे मानणारे २०१५ मध्ये शंभरात त्र्याण्णव होते. २०१८ मध्ये बत्तीस राहिले. २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली आणि एकोणीस वर्षांनी पोलिओ परतला. बारांगायच्या, म्हणजे गाव-वस्तीच्या, आरोग्यसेविका पुन्हा दारोदार फिरल्या. या वेळी काही दारं आतून बंद होती.

याच वर्षांत विली ओंग या हृदयरोगतज्ज्ञाचं नाव घराघरांत गेलं. हातात प्लास्टिकचं हृदय किंवा मूत्रपिंड धरून, बायकोला शेजारी बसवून, तो व्हिडिओंमधून साध्या तागालोगमध्ये सांगतो: लघवी अशी दिसली तर काय, पाय सुजले तर काय. तिथे माणूस रागावला की ‘हायब्लड झालं’ म्हणतात. विली ओंग त्या हायब्लडपासून सुरुवात करून खऱ्या रक्तदाबावर येतो. सगळाच सल्ला काटेकोर असतो असं त्याच्याच व्यवसायातले लोक म्हणत नाहीत, आणि लोकप्रियतेच्या जोरावर तो २०१९ मध्ये सिनेटच्या व २०२२ मध्ये उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीतही उतरला, दोन्ही हरला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा एक व्हिडिओ आला, तो रुग्णालयाच्या खाटेवरून. पोटात सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, मोठी गाठ. ती किती सेंटिमीटरची आहे, कुठे दडली होती, केमोथेरपीने काय होतं, हे तो नेहमीसारखंच समजावून सांगत होता, तागालोगमध्ये.