कॉकटेल पिणं वेगळं आणि ‘कॉकटेल होणं’ वेगळं

दर हिवाळ्यात गावाकडे भरीत पार्टी असते आणि दर हिवाळ्यात मला एकच वाक्य ऐकायला मिळतं. यावलकडचं शेत, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकलेली, भरीत ठेचायची बडगी धुऊन पालथी ठेवलेली, आणि कोणीतरी भाऊ डोकं धरून सांगतो, “काल लय चढली भो, कॉकटेल झालं.” काय झालं होतं? आधी बियर घेतली आणि वरून व्हिस्की. मग त्याला आठवतं की मी मुंबईत नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी कॉकटेल बार फिरतो, तर लगेच मला, “तुम्ही तर मुद्दाम कॉकटेल घेता, कायले घेता भो, डोकं फुटत नाही का?”

एक शब्द, गोष्टी दोन. हा घोळ जळगावात आहे, धुळ्यात आहे, भुसावळला आहे, आणि मुंबईत दहा वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांमध्येही आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

पेगचं सगळ्यांना माहीत आहे. स्मॉल ३० मिली, लार्ज ६० मिली, क्वार्टर १८०, म्हणजे तीन लार्ज. परमिट रूमला परमिट रूम का म्हणतात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो म्हणून. मॉकटेल म्हणजे ज्यात दारू नाही ते, यात कोणी गोंधळत नाही. रम आणि कोला याला कॉकटेल म्हणायचं की नाही यावर लोक तासभर भांडतात, म्हणा नाहीतर नका म्हणू, काही अडत नाही.

अडतं ते इथे. कॉकटेल म्हणजे एका ग्लासातली एक पाककृती. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात त्याची व्याख्या छापून आली होती: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्क. चार गोष्टी, मापात. आणि आपण ज्याला ‘कॉकटेल झालं’ म्हणतो ते म्हणजे एका बैठकीत दोन-तीन जातीची दारू एकामागून एक पोटात जाणं. त्यात माप नाही, कृती नाही. बडगीत वांगं, मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून ठेचलं की भरीत होतं. त्याच माणसाने आधी शेवभाजी खाल्ली, मग वांग्याची भाजी, वरून ठेचा, तर त्याच्या पोटात भरीत झालं असं आपण म्हणतो का?

बरं, नावाचं सोडा. खरा गैरसमज असा की ‘मिक्स’ झालं म्हणून चढते. दारू मिक्स झाली म्हणून जास्त चढत नाही. एकूण अल्कोहोल किती गेलं, किती वेळात गेलं आणि पोटात जेवण होतं का, यावर चढणं ठरतं. २०१९ मध्ये जर्मनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९० जणांना बियर आणि वाइन वेगवेगळ्या क्रमाने पाजून पाहिली, काहींना फक्त एकच प्रकार दिला, आणि दुसऱ्या दिवशीच्या हँगओव्हरमध्ये क्रमाने काही फरक पडला नाही. मग त्या भाऊला का चढली? हिशोब करू या, मी त्या दिवशी शेतातच मोबाइलवर करून दाखवला होता.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण २६ मिली. आता स्ट्राँग बियर, ६५० मिलीची बाटली, ८ टक्के. ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२ मिली. दोन लार्ज पेग! एका बियरच्या बाटलीत! भाऊने एक बियर घेतली, वर क्वार्टर मारली, आणि सगळ्यांना सांगत होता तीनच पेग घेतले. तीन नाही, पाच लार्ज घेतलेत. बियर कोणी मोजतच नाही, ती पाणी समजून पितात, आणि मग चढली की बिचाऱ्या कॉकटेलवर खापर.

आता कॉकटेलचा हिशोब बघा. निग्रोनी घ्या: ३० मिली जिन, ३० मिली कँपारी (कडू लाल इटालियन दारू), ३० मिली गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन). ग्लासात तीन प्रकारची दारू, म्हणजे आपल्या भाषेत महाभयंकर ‘कॉकटेल’. जिनचं अल्कोहोल साधारण १३ मिली, कँपारी २५ टक्क्यांची असते तिचं साडेसात, व्हर्मूथ १६ टक्क्यांची तिचं पाच. बेरीज पंचवीस-साडेपंचवीस. एक लार्ज पेग, बस. आणि तो माणूस पाऊण तास घोट घोट पितो कारण कडू आहे, घटाघटा जातच नाही.

एका ठिकाणी मात्र भाऊ बरोबर आहे, ते लपवत नाही. लाँग आयलंड आइस्ड टी. नावात चहा आहे आणि ग्लासात चहाचा थेंब नाही. व्होडका, जिन, रम, टकीला आणि ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाची गोड दारू), वर लिंबू, साखर आणि थोडा कोला. ठरलेल्या मापात प्रत्येकी १५ मिली, म्हणजे सव्वा लार्जच्या आसपास, चालेल. पण बऱ्याच बारमध्ये प्रत्येकी ३० टाकतात, की झाले अडीच लार्ज, आणि चव अशी गोड की कळतच नाही. अंधेरीत एका बारमध्ये मी असाच एक प्यायलो, माप विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि दुसरा मागवून बसलो, त्या रात्री दादरहून घरी कसा पोचलो ते मित्राला विचारावं लागलं. तिथेही दोष मिक्सचा नव्हता, मापाचा आणि साखरेचा होता. तेव्हापासून मेनूवर मिली लिहिलेले नसतील तर मी सरळ विचारतो आणि उत्तर मिळालं नाही तर उठतो.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे ‘बर्फ कमी टाक’. परमिट रूममधल्या सवयीने आपले लोक कॉकटेल बारमध्येही हेच सांगतात, त्यांना वाटतं बर्फ टाकून फसवतात. अरे पेगमध्ये बर्फ वेगळा आणि इथे बर्फ वेगळा. व्याख्येत पाणी होतं ना, ते पाणी इथून येतं. बारटेंडर जाड काचेच्या भांड्यात बर्फ भरते, त्यात निग्रोनीची तिन्ही मापं जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्याने, ओतते, मग लांब दांड्याचा चमचा काचेला घासून अर्धा मिनिट गोल फिरवते, आवाज जवळजवळ येतच नाही, भांड्याला बाहेरून घाम फुटतो. तेवढ्यात ९० मिलीचे ११० होतात. ते पाणी घातलं नाही तर निग्रोनी गळ्यात जळतो. शेवटी संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासवर पिळते, तेलाचे बारीक थेंब उडताना दिसतात, वास आधी नाकात येतो आणि मग घोट.

नवीन बारमध्ये पहिल्यांदा गेलो की मी डायकिरी मागवतो. पांढरी रम, लिंबाचा रस, साखर, एवढंच, नाव क्यूबातल्या एका जागेवरून पडलंय. लपायला जागाच नाही त्यात. लिंबू बाटलीतलं असेल तर पहिल्या घोटात कळतं, आणि बाटलीतला लिंबाचा रस वापरणाऱ्या बारमध्ये मी दुसरा ड्रिंक घेत नाही मग तिथे धूर सोडोत नाहीतर ग्लासवर बुडबुडे ठेवोत. निळ्या रंगाचं काहीही मी पीत नाही.

मुंबईत सुरुवात करायची असेल तर लोअर परळला बॉम्बे कँटीन किंवा बीकेसीला ओ पेद्रो, दोन्हीकडे जेवण आपलं ओळखीचं वाटणारं आहे, आणि रिकाम्या पोटी पिणं हे तर अजिबातच नको. टेबल घेऊ नका, काउंटरवर बसा, बारटेंडरचे हात दिसले पाहिजेत. जिगर वापरते का, लिंबू तेव्हाच पिळते का, एवढं बघा. आणि जिन परदेशीच हवी असा हट्ट नको, २०१७-१८ पासून गोव्यात बनणाऱ्या ग्रेटर दॅन, हापुसा, स्ट्रेंजर अँड सन्स या जिन निग्रोनीत छान बसतात.

गेल्या मे महिन्यात तोच भाऊ कामासाठी मुंबईत आला होता, मी त्याला काउंटरवर बसवला. त्याने निग्रोनी मागवायच्या आधी बारटेंडर मुलीला विचारलं, “ताई, यात किती मिली?” ती म्हणाली तीस-तीस-तीस. त्याने मोबाइल काढला, बाटल्यांवरचे टक्के वाचायला मागितले, तिने तिन्ही बाटल्या त्याच्यासमोर फिरवून ठेवल्या. बेरीज पंचवीस आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, “मंग ती बियर दोन पेगची होती ना भो.” रात्रीची गाडी होती, जेवला, एकच घेतला आणि दादरला वेळेत पोचला.