एकशेचाळीसचा टायर आणि टोकावड्याचा चिखल

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर टायरवाल्याने माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक उतरवलं, झिजलेल्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दादा, एकशेवीस कशाला परत? एकशेचाळीसचा रुंद टाका. मागून गाडी भरलेली दिसेल, आणि ग्रिप पण वाढेल." पहिली गोष्ट शंभर टक्के खरी निघाली. सोसायटीतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी वाकून वाकून टायर पाहिला.

ग्रिपचा निकाल तीन आठवड्यांनी लागला. जुलैत, मुरबाडच्या पुढे, टोकावड्याजवळच्या एका बैलगाडीवाटेवर. दोन्ही बाजूंना लावणी चाललेली आणि मधल्या वाटेवर चांगला वीतभर राडा. पन्नास पावलं गेलो असेन, तोवर नव्या टायरच्या बटनांमधल्या, म्हणजे रबराच्या उंचवट्यांमधल्या, फटी बुजल्या. टायर दह्याच्या मडक्यासारखा गुळगुळीत झाला. मागचा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, आणि टायर यांच्यात आता जेमतेम बोटभर जागा उरली होती, तिच्यातही चिखल ठासून बसला आणि चाक जागच्या जागी गुरगुरायला लागलं. माझ्या मागे मित्र होता. गाडी तीच, पण टायर गाडीसोबत आलेला, १२०चा. डुलत, पाय टेकत, पण तो गेला पुढे. मी काडीने चिखल उकरत बसलो.

टायरच्या कडेला १२०/९०-१७ असं लिहिलेलं असतं. १२० ही मिलिमीटरमधली रुंदी, ९० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, आणि १७ हा रिमचा इंचांमधला व्यास. रुंदी वाढली की रबर जमिनीला जास्त टेकतं, म्हणून पकड वाढते, हे इतकं उघड वाटतं की कोणी तपासत नाही. तपासायला मात्र पाचवीतलं गणित पुरतं.

गाडी नि मी मिळून २८० किलो. त्यातले मागच्या चाकावर १५० किलो धरू. पंपावर आपण "बत्तीस मारा" म्हणतो, म्हणजे ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो दाब. आतली हवा दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो पेलत असेल, तर १५० किलो पेलायला सुमारे ६७ चौरस सेंटिमीटर लागतील. तेवढाच टायर जमिनीला टेकतो. तळहाताएवढा ठसा. या हिशेबात रुंदी कुठे आलीच नाही! टायरच्या भिंतीचा कडकपणा थोडा भार घेतो, त्यामुळे उत्तर जरा इकडेतिकडे होतं, पण १२०चा टायर काढून १४०चा घातल्याने ठसा फारसा मोठा होत नाही. त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा आणि आखूड.

मग हा आकार कुठे कामाला येतो आणि कुठे नडतो, हे जमीन ठरवते. मातीची ताकद दोन गोष्टींतून येते, असं अठराव्या शतकात कूलाँब या फ्रेंच माणसाने मांडलं. विद्युतप्रभाराच्या एककाला नाव आहे तोच हा. मूळचा लष्करी अभियंता, त्यामुळे मातीशी त्याचा संबंध विजेच्या आधीचा. एक ताकद कणांच्या घर्षणाची, ती वरून पडणाऱ्या वजनाबरोबर वाढते. दुसरी कणांच्या चिकटपणाची, तिला वजनाचं काही नाही, किती क्षेत्र पकडलं तेवढंच तिला कळतं. कोरडी वाळू जवळजवळ सगळी पहिल्या जातीची, ओली चिकणमाती दुसऱ्या.

वाळूत चाकाची खरी अडचण रुतण्याची. रुतलेलं चाक सतत आपल्याच खड्ड्यातून वर चढत असतं आणि इंजिनाचा जीव त्यातच जातो. चाक किती रुतेल याचं सूत्र विसाव्या शतकात मिएचिस्लाव बेकर या पोलिश अभियंत्याने बसवलं, आणि त्यात ठशाची रुंदी थेट येते. १९७१मध्ये अपोलो १५च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली, तिच्यामागे बेकरचं काम होतं. तिची चाकं होती पोलादी तारांच्या विणलेल्या जाळीची, सुमारे ८२ सेंटिमीटर व्यासाची आणि २३ सेंटिमीटर रुंद. भुसभुशीत धुळीत रुंद चाक तरंगतं. उंटाच्या पसरट पायाला हे बेकरच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

टोकावड्याची वाट मात्र चंद्रासारखी नव्हती. तिथे वर वीतभर राडा होता आणि खाली घट्ट मुरूम. अशा जागी तरंगून काय करायचं? मित्राच्या अरुंद टायरने राडा कापला, तळ गाठला आणि मुरमात बटनं रोवली. माझा टायर वरच्या राड्यावरच लोळत राहिला. तळच हाताला लागत नाही अशा खोल दलदलीत पारडं पुन्हा रुंद चाकाकडे झुकतं. चिखलणीला खाचरात उतरणारा ट्रॅक्टर केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यासारखं चाक लावतो, ते त्यासाठीच. पण त्या चाकाला मधे मोकळ्या फटी असतात, चिखल गळून पडतो. माझ्या टायरच्या फटी तर पहिल्या मिनिटात बुजल्या होत्या.

पुढच्या चाकाच्या बाबतीत तर मला वादच दिसत नाही. कच्च्या वाटांसाठीच्या मोटारसायकलींत २०१६ची हिमालयन घ्या किंवा एक्सपल्स २००, दोघींचं पुढचं चाक ९०/९०-२१. उंच आणि बारीक. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतींच्या, ४५० सीसी गाड्या पन्नासपेक्षा जास्त अश्वशक्तीच्या असतात आणि त्यांचा पुढचा टायर असतो ८०/१००-२१. आमच्या दूधवाल्याच्या स्प्लेंडरवरही ८०/१००च लिहिलंय, फक्त रिम १८ची. दगड चढायला उपयोगी पडतो तो चाकाचा व्यास. वळायला लागते धार. बारीक टायर विळ्यासारखा मातीत घुसतो. रुंद टायर समोर मातीची भिंत ढकलत नेतो, हँडल वळवलं तरी गाडी सरळच सरकते.

त्यात चाकोरी. हा शब्द आपण बहुतेक वेळा आयुष्याबद्दल तक्रार करायला वापरतो, पण मुळात तो बैलगाडीच्या चाकाने पाडलेला चर. बारीक चाक त्या चराच्या तळाशी निमूट चालतं. रुंद चाक दोन्ही काठांवर चढतं, आणि काठ कधीच सारखे नसतात. दर दोन हातांवर हँडलला हिसका.

रुंद टायरची आणखी एक खोड डांबरी घाटातही जाणवते. गाडी झुकली की ठसा मधून कडेला सरकतो. टायर जितका रुंद तितका जास्त सरकतो, आणि तोल साधायला गाडी आणखी झुकवावी लागते. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणि मूळ झुकाव ३० अंश धरला, तर ९०च्या टायरला साधारण २ अंश जादा, १४०च्या टायरला जवळपास ४. आकडे किरकोळ दिसतात, पण माळशेजच्या प्रत्येक वळणावर गाडी आडवी व्हायला कुरकुरत होती ती याचमुळे. शिवाय माझी रिम १२०साठीची. तिच्यात १४०चा टायर कडांनी आवळला जातो, मधे फुगतो, आणि ज्या रुंदीचे पैसे मोजले तिच्या कडा जमिनीला नीट टेकतच नाहीत.

मोठा ठसा हवाच असेल तर तो फुकट मिळतो. ३२ची हवा १८वर आणा, त्याच हिशेबाने ६७चे ११८ चौरस सेंटिमीटर होतात. वाढ मुख्यतः लांबीत होते, म्हणजे एका ओळीत जास्त बटनं जमिनीत. मित्राने वाट सुरू होण्याआधीच हे केलं होतं आणि मला सांगितलंही होतं. परत डांबरावर आल्यावर हवा भरायचा कंटाळा मात्र परवडत नाही. कमी हवेचा टायर वेगात चुरगळत तापतो, आणि ट्यूबवाला असेल तर रिमवर घसरून वॉल्व्ह मुळापासून उपटू शकतो.

गणपतीआधी मी पुन्हा सीएसटी रोडला गेलो आणि १२०चा बसवून घेतला. टायरवाला काही बोलला नाही, फक्त काढलेल्या टायरकडे बघून "नवाच आहे की" म्हणाला. तो तीन महिने गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली पडून होता. डिसेंबरमध्ये ऑफिसातली एक मैत्रीण, जिच्या गाडीला कंपनीनेच १४०/८०-१७ दिलाय, जैसलमेरच्या वाळूत जायला निघाली आणि जादा टायर म्हणून मागून घेऊन गेली.