जुन्या भागांतून घरगुती स्पीकरचा डबा (इंदूर)

मोडीत निघालेली म्युझिक सिस्टिम, होम थिएटर, टीव्ही किंवा मोटार यांतून काढलेले स्पीकर, घरात पडून असलेले प्लायवूड आणि नव्याने जुळवलेला क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून आपापल्या स्पीकरला देणारी जुळणी) यांपासून घरी ऐकण्यासाठी बांधलेला ध्वनिक्षेपक. इंदुरात अशा मोडीच्या मालाला ‘अटाला’ म्हणतात आणि मराठी घरांतही तोच शब्द चालतो. सुटे स्पीकर, कपॅसिटर आणि ॲम्प्लिफायरच्या तयार पट्ट्या (सर्किट बोर्ड) जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात, स्क्रू आणि इतर हार्डवेअर सियागंजात. रामबाग, लोकमान्य नगर अशा जुन्या वस्त्यांतल्या घरांच्या माळ्यावरही बरेच काही निघते.

या कामातली सर्वांत मोठी चूक एकच: हाताशी असलेल्या फळीच्या मापाचा डबा बांधायचा आणि मग त्यात बसेल तो स्पीकर ठोकायचा. डबा हा कपड्यासारखा स्पीकरला मापून शिवायचा असतो. स्पीकर फुकट मिळाला असला तरी त्याची मापे घेतल्याशिवाय करवतीला हात लावू नये.

डबा कशासाठी

स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा शंकू) पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. डबा नसेल तर खालच्या स्वरांत या दोन्ही लाटा एकमेकींना मारतात; म्हणून टेबलावर उघडा ठेवलेला चांगला वूफरही (खालच्या स्वरांचा स्पीकर) पत्र्यासारखा वाजतो. बंद डब्यात आतली हवा स्प्रिंगचे काम करते. नळीच्या डब्यात, म्हणजे बाहेर उघडणारी नळी बसवलेल्या डब्यात, नळीतली हवा ठरावीक वारंवारतेला डोलते आणि त्या पट्ट्यात कोनाला साथ देते. बंद डब्यातल्या हवेच्या स्प्रिंगचा हेतुपूर्वक उपयोग करणारा स्पीकर एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत आणला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी जे गणित मांडले, त्यामुळे कुठल्याही अनोळखी स्पीकरला योग्य डबा किती लिटरचा हे मोजून सांगता येऊ लागले. मोडीतल्या मालाला हे गणित फार उपयोगी पडते, कारण अशा स्पीकरची कागदपत्रे कधीच मिळत नाहीत.

स्पीकर पारखणे

पहिली परीक्षा बोटांची. दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर समान अंतरावर ठेवून कोन हळू आत दाबावा. कुठेही खरखर जाणवली तर व्हॉइस कॉईल (कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे) चुंबकाच्या फटीत घासते आहे. स्पीकर कधी तरी पडून चुंबक सरकले असेल तर ही खरखर कायमची, तो घेऊ नये. खरखर नसेल तर मल्टिमीटरने रोध पाहावा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६. काहीच दाखवले नाही तर कॉईल तुटली आहे, किंवा कोनापासून जोडणीच्या पट्टीपर्यंत येणारी विणलेली तार टाक्याजवळ मोडली आहे. तार मोडली असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.

कोनाभोवतीची कडा फोमची असेल तर ती नखाने हलकेच दाबून पाहावी. जुना फोम कुजून हाताला चिकट काळी भुकटी लागते. अशी कडा बदलता येते आणि चांगल्या वूफरसाठी ते करण्यासारखे आहे. जुनी कडा पूर्ण खरवडून काढावी, मधली टोपी ब्लेडने कापून बाजूला ठेवावी, कॉईल आणि मधला खांब यांच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या समान अंतरावर सरकवाव्यात आणि मगच नवी कडा चिकटवावी. पट्ट्या न घालता चिकटवलेली कडा डोळ्यांना सरळ दिसते, पण कॉईल एका बाजूला झुकते आणि आवाज वाढवला की खरखर सुरू होते. गोंद पूर्ण वाळल्यावरच पट्ट्या काढाव्यात.

उघडा स्पीकर सुताराच्या टेबलावर ठेवू नये. लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो, फटीत शिरतो आणि मग निघत नाही. सगळी भोके आधी पाडून, बुरादा झटकून, शेवटी स्पीकर बसवावा.

गणेशोत्सवात आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत (देखाव्यांच्या मिरवणुकीत) वाजलेले १५ इंची स्पीकर अटाल्यात स्वस्त मिळतात. ते मोठ्या आवाजासाठी केलेले असतात; अनुनादी वारंवारता (ज्या स्वराला कोन आपसूक सर्वांत सहज डोलतो ती) बहुधा वर असते आणि कॉईलही अनेकदा बदललेली. घरच्या खोलीत ते पोकळ वाजतात. ८ इंची म्युझिक सिस्टिमचा वूफर घरासाठी अधिक कामाचा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून स्पीकर काढताना मात्र जपावे: ट्यूबच्या उच्चदाबाच्या टोकावर सेट बंद असतानाही भार राहू शकतो आणि ट्यूबची मान मोडली तर काच फुटून उडू शकते. त्यातले छोटे लंबगोल स्पीकर त्या जोखमीच्या लायकीचे नसतात.

मापे घेणे

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या स्पीकरचा स्पायडर (कोनाला मागून धरणारी लवचिक चकती) ताठरलेला असतो. मापे घेण्याआधी अर्धा तास २० ते २५ हर्ट्झचा स्वर बेताच्या आवाजात वाजवून तो सैल करावा, नाहीतर अनुनादी वारंवारता खऱ्यापेक्षा वर दिसते.

मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपचा स्वर ॲम्प्लिफायरला द्यावा. ॲम्प्लिफायरच्या बाहेरील टोकाला १००० ओहमचा रोधक आणि त्यापुढे, डब्याबाहेर मोकळा धरलेला, स्पीकर एकसर जोडावा. आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रोधक लावून त्यावर १० मिलिव्होल्ट येतील इतका आवाज ठेवावा. आता जितके मिलिव्होल्ट तितके ओहम. इथे बरेच जण अडकतात, कारण स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरचा एसीचा सर्वांत लहान पल्ला २०० व्होल्टचा असतो. मिलिव्होल्ट वाचणारा मीटर लागतो, तो कोणाकडून तरी मागून आणावा.

स्वर खालून वर नेत ज्या वारंवारतेला आकडा सर्वांत मोठा दिसेल ती अनुनादी वारंवारता. समजा ८ इंची वूफरचा डीसी रोध ६.४ ओहम आहे आणि ४५ हर्ट्झला शिखर ४० ओहमचे. ४० भागिले ६.४ म्हणजे ६.२५, त्याचे वर्गमूळ २.५. आता २.५ गुणिले ६.४, म्हणजे १६ ओहम, शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठे येतात ते पाहावे. ते ३० आणि ६७.५ हर्ट्झला आले, तर ४५ गुणिले २.५ भागिले ३७.५ म्हणजे ३.०, आणि ३.० भागिले ६.२५ म्हणजे ०.४८. हा स्पीकरचा क्यूटीएस, म्हणजे अनुनादाला कोन किती आवरला जातो ते सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितका कोन कमी आवरलेला. दोन्ही बाजूंच्या वारंवारतांचा गुणाकार शिखराच्या वर्गाएवढा, इथे २०२५, यायला हवा. नसेल तर वाचनात चूक आहे.

नंतर तोच स्पीकर २० लिटरच्या कुठल्याही घट्ट डब्यावर बसवून शिखर पुन्हा शोधावे. ते ७८ हर्ट्झला आले, तर ७८ भागिले ४५ चा वर्ग सुमारे ३; त्यातून १ वजा करून २० ने गुणले की ४० लिटर. म्हणजे या स्पीकरच्या लवचिकतेइतकी लवचिकता ४० लिटर हवेत आहे. हा ढोबळ हिशेब आहे, पण घरगुती कामाला पुरतो.

बंद डब्याचा एकूण क्यू, म्हणजे डब्यात बसवल्यावरचा तोच आकडा, ०.७ च्या आसपास ठेवावा. वरच्या स्पीकरसाठी ०.७०७ भागिले ०.४८, त्याचा वर्ग २.१७, वजा १ म्हणजे १.१७, ४० भागिले १.१७ म्हणजे ३४ लिटर. या डब्यात स्पीकर ६६ हर्ट्झपर्यंत नीट उतरतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो, म्हणजे खर्ज मिळतो. याच स्पीकरला १५ लिटरच्या डब्यात कोंबले तर एकूण क्यू ०.९ पर्यंत चढतो आणि तबल्याचा बायां घुमत राहतो. पुष्कळांना पहिल्या दिवशी तो ‘भारी बास’ वाटतो. आठवड्याभरात कान शिणतात.

क्यूटीएस ०.४ च्या खाली असेल तर नळीचा डबा शोभतो. क्यूटीएस ०.३६, अनुनाद ४० हर्ट्झ आणि लवचिकता ४० लिटर असलेल्या वूफरला २८ लिटरचा डबा आणि ४२ हर्ट्झची नळी जुळते. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा आतला व्यास ७ सें.मी. असेल तर नळीची लांबी १८ सें.मी. येते. ती २ सें.मी. लांबच कापावी आणि ऐकत ऐकत कमी करावी. तोकडी कापलेली नळी वाढवता येत नाही. क्यूटीएस ०.७ च्या वर गेला, जसा तो मोटारींच्या आणि टीव्हींच्या स्पीकरांत बरेचदा जातो, तर छोट्या डब्याचा नाद सोडून रुंद उघड्या फळीवर तो लावावा.

लाकूड आणि बांधणी

जुन्या वाड्यांच्या सागवानी दारांची फळी पाहून मोह होतो. पण भरीव लाकूड आडव्या रेषेत ऋतूनुसार फुगते-आक्रसते. पावसाळ्यात घट्ट बसलेला सांधा माळव्याच्या मे महिन्यात, पारा ४० च्या वर गेला की, केसभर उघडतो. डबा प्लायचाच करावा आणि साग आतल्या आधारपट्ट्यांना किंवा पुढच्या चौकटीला वापरावा. तयार फर्निचरमधला भुशाचा बोर्ड कडेला फुगलेला असेल तर टाकून द्यावा. त्यात स्क्रू धरत नाही.

३४ लिटर मोकळी जागा हवी तर स्पीकर आणि आधारपट्ट्यांची जागा धरून आतून ३६ लिटर ठेवावे: रुंदी २६, खोली २९, उंची ४८ सें.मी. १८ मि.मी. प्लायमध्ये दोन बाजू ५१.६ × २९, वर-खाली दोन तुकडे २६ × २९, पुढची आणि मागची फळी २९.६ × ५१.६ सें.मी. दोन डब्यांना सुमारे १६.३ चौरस फूट प्लाय लागते. म्हणजे ८ × ४ फुटांची अर्धी शीट थोडक्यात कमी पडते, आणि करवतीची घट धरून २० चौरस फूट जमवावे लागते. दोन बाजूंना जोडणारी एक आडवी आधारपट्टी मध्यापासून थोडी बाजूला बसवावी.

सांधे फेविकॉल आणि स्क्रूने जोडून, आतून फेविकॉल-बुराद्याच्या लगद्याने पुन्हा बुजवावेत. स्पीकरखाली दरवाजाला लावतात ती पातळ फोमची पट्टी घालावी. गळतीची परीक्षा सोपी आहे. २५ हर्ट्झचा स्वर लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून हळू फिरवावी. सरळ चढणारी धुराची रेघ जिथे थरथरते तिथे हवा जाते आहे. बहुतेक वेळा ती वायर बाहेर काढलेल्या भोकाशी थरथरते, कारण ते भोक बुजवायचे राहून जाते.

बंद डब्यात उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस सुमारे ३५० ग्रॅम सैल भरावा. जुन्या गादीची रुई चालते, पण पावसाळ्यात ओल धरते आणि किडे होतात. नळीच्या डब्यात फक्त भिंतींना इंचभर थर द्यावा, नळीच्या तोंडासमोर काही नको. बाहेरून सनमायका किंवा पॉलिश, जे आवडेल ते.

क्रॉसओव्हर

८ ओहमचा वूफर आणि ८ ओहमचा ट्विटर (वरच्या स्वरांचा स्पीकर) यांना ३००० हर्ट्झला वेगळे करायचे तर सोपी जुळणी अशी: ट्विटरच्या वाटेत ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ट्विटरला समांतर ०.८५ मिलिहेन्रीची कॉईल. वूफरच्या वाटेत ०.८५ ची कॉईल आणि वूफरला समांतर ३.३ चा कपॅसिटर. या जुळणीत ट्विटरचे धन-ऋण उलटे जोडावे लागते. सरळ जोडले तर ३००० हर्ट्झभोवती खड्डा पडतो आणि गायकाचा आवाज भिंतीआडून आल्यासारखा वाटतो.

जुन्या क्रॉसओव्हरमधले नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, ते वापरू नयेत. कॉईल मात्र कधी जुनी होत नाही. ती नसेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून २० गेजची नवी इनॅमल तार तोलून घ्यावी: ३० मि.मी. व्यासाच्या आणि २० मि.मी. रुंदीच्या रिळावर सुमारे १६५ फेरे, लांबी २० मीटर, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. तिचा रोध अर्ध्या ओहमचा येतो आणि वूफरचा क्यूटीएस ०.४८ वरून ०.५१ वर नेतो. काटेकोर काम करणाऱ्याने डब्याचा हिशेब या आकड्यावर करावा. ट्विटर बोचत असेल तर त्याच्या वाटेत २.२ ओहम आणि ट्विटरला समांतर २२ ओहम, दोन्ही ५ वॅटचे, लावले की सुमारे ३ डेसिबल उतरतात.

ॲम्प्लिफायर आणि वीज

टीडीए २०३० या ॲम्प्लिफायर चिपची पट्टी घरच्या खोलीला पुरते. तिची मर्यादा धन-ऋण १८ व्होल्टची आहे आणि १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर वीज २५० व्होल्टपर्यंत चढली की ती ओलांडली जाते. त्याऐवजी २२ व्होल्ट सोसणारी ‘ए’ जातीची चिप घ्यावी. बंद पडलेल्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर कधीही वापरू नये. तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, घरच्या विजेपासून वेगळा नसतो. स्पीकरच्या तारेला हात लागला तरी जीव जाऊ शकतो. फ्यूज ट्रान्सफॉर्मरच्या आधी, विजेच्या बाजूला असावा.

जोडणी आणि दोष

दोन डबे जोडण्याआधी प्रत्येक वूफरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धन टोकाला धन लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. अटाल्यातल्या स्पीकरवरच्या लाल खुणेवर विसंबू नये; दुरुस्तीत ती बदललेली असते. एक डबा उलटा जोडला तर खालचा स्वर नाहीसा होतो आणि लोक विनाकारण डब्याला दोष देतात. खालच्या स्वराला खडखड आली तर आधी स्पीकरचे स्क्रू, मग आतली सुटी वायर, मग मधली टोपी तपासावी. कुठेतरी फुसफुस ऐकू आली तर पुन्हा उदबत्ती. सगळे ठीक असूनही खर्ज पातळ वाटला तर डबा भिंतीपासून हातभर अंतरावर असेल तर वीतभर अंतरावर आणावा, आणि तंबोऱ्याचेच मुद्रण लावून पुन्हा ऐकावे.