बांबूचा ठोका संगणकात उतरवताना

नवरात्रात वडोदऱ्यातल्या कुठल्याही मोठ्या गरब्याच्या मंचाकडे पाहा, ढोलवाल्यांच्या शेजारी ऑक्टोपॅडवाला हमखास असतो. समोर आठ रबरी पॅड, हातात दोन काठ्या. एका पॅडवर टाळी, दुसऱ्यावर टिपऱ्या, आणि एखाद्यावर बांबूच्या नळीचा तो पोकळ, कोरडा ‘टॉक’. मंचावर बांबू कुठेच नसतो. कुणीतरी एखाद्या शांत खोलीत खऱ्या नळीवर ठोका मारून तो ध्वनिमुद्रित केलेला असतो, आणि पॅडवर काठी पडली की ते मुद्रण वाजतं. अशा मुद्रित ठोक्याला सॅम्पल म्हणतात. अशी सॅम्पलं वाजवणारं फेअरलाइट नावाचं यंत्र ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये आलं, तेव्हा ते मोजक्या श्रीमंत स्टुडिओंनाच परवडायचं. आता हे काम साधा लॅपटॉप करतो.

तरीही बांबूचं चांगलं सॅम्पल क्वचितच ऐकायला मिळतं. त्याचं कारण बांबूच्या घडणीत आहे.

बांबू हे गवत. त्याच्या भिंतीतले चिवट तंतू उभे धावतात, बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ. त्यामुळे बांबू लांबीच्या दिशेने भलताच ताठ असतो, पण आडव्या दिशेने सहज चिरतो. दोन पेरांमधलं एक कांडं कापून वाजवलं की दोन आवाज एकदम निघतात. एक भिंतीच्या थरथरण्याचा आणि दुसरा आतल्या हवेचा. एका टोकाला पेराची बंद गाठ राखून दुसरं टोक उघडं ठेवलं, तर आतल्या हवेचा सूर नळीच्या लांबीवर ठरतो. ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागायचं. व्यासामुळे हवेची लांबी किंचित जास्त धरावी लागते. चार सेंटिमीटर पोकळीची १८.८ सेंटिमीटर नळी ध्वनीच्या दृष्टीने साधारण २० सेंटिमीटरची ठरते. भिंतीचा सूर आणि हवेचा सूर जुळले की नळी गाते. नाही जुळले, तर नुसतं लाकूड आपटल्यासारखं वाटतं. म्हणून कारागीर एका बाजूने नळी जिभेसारखी तासतो आणि कान लावून दोन्ही सूर एकमेकांजवळ आणतो. हे काम पाहताना जाणवतं, की वाद्याचा अर्धा भाग हवाच आहे.

ही हवा वडोदऱ्याच्या ऋतूंबरोबर बदलते. हिवाळ्यातल्या पहाटे १२ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३८ मीटर असतो, मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना सुमारे ३५६. म्हणजे आपल्या त्याच नळीतली हवा पहाटे ४२३ हर्ट्झला (सेकंदाला ४२३ कंपनांना) बोलेल आणि दुपारी ४४५ला. जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक! भिंत मात्र हवेबरोबर चढत नाही. पावसाळ्यात बांबू ओल शोषून जड होतो, त्याचा ताठपणा कमी होतो, आवाज उतरतो आणि लवकर विरतो. सकाळी जुळलेले दोन सूर दुपारी फारकत घेतात ते असे. मुद्रण करायचं तर पंखा आणि एसी बंद ठेवावे लागतात, कारण त्यांची घरघर सॅम्पलमध्ये कायमची बसते. मग खोली तापत जाते आणि सूर सरकतो. यावर उपाय एकच. खोली आधी थंड करून घ्यायची, थोडं मुद्रण करायचं, थांबायचं, पुन्हा थंड करायची. घाई केली तर वरच्या पट्टीच्या नळ्या एका ऋतूतल्या आणि खालच्या दुसऱ्या ऋतूतल्या वाटतात.

यानंतरचा प्रश्न ठोक्याचा. जोरात मारलेला ठोका हा हळू ठोक्याची मोठी आवृत्ती नसतो. हलक्या हाताने मारलं तर काठीचं रबर नळीला जरा जास्त वेळ चिकटून राहतं आणि वरचे बारीक स्वर दबतात. जोरात मारलं की स्पर्श क्षणभराचा असतो आणि ते सगळे उसळून येतात. म्हणून एकच मुद्रण कमी-जास्त मोठ्याने वाजवून भागत नाही. जोराच्या निरनिराळ्या पातळ्या वेगळ्या मुद्रित कराव्या लागतात. पॅड किंवा कीबोर्ड प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत कळवतो, आणि त्यानुसार संगणक पातळी निवडतो. ठोक्याची जागाही तितकीच महत्त्वाची. बांबूच्या सपाट पट्टीच्या बरोबर मध्यावर मारलं तर तिचा दुसरा कंपनप्रकार जागाच होत नाही, कारण तिथे तो स्थिर असतो. काठी थोडी बाजूला पडली की तो डोकावतो.

आणि माणसाची काठी दर वेळी थोडी बाजूलाच पडते. सॅम्पलचं खरं मर्म मला इथे दिसतं. तोच ठोका हुबेहूब चार वेळा ओळीने वाजला की कान लगेच ओळखतो. सगळं कसं मशिनगनसारखं ऐकू येतं. म्हणून एकाच जोराचे अनेक ठोके मुद्रित करून ते आळीपाळीने वाजवायचे असतात. १५ नळ्या, जोराच्या ५ पातळ्या, प्रत्येकीचे ४ ठोके म्हणजे ३०० मुद्रणं. प्रत्येक दोन सेकंदांचं धरलं, तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ या मुद्रणाच्या मापाने साधारण १७३ मेगाबाइट होतात. आजच्या संगणकाला हे काहीच नाही. पण मेहनत वाचवायला अनेक जण पाचेक नळ्याच मुद्रित करतात आणि मधले सूर संगणकाकडून ओढून-ताणून काढतात. सप्तकभर वर ओढलेला ठोका निम्म्या वेळात संपतो, नळी खेळण्यातली वाटू लागते. एक-दोन अर्धस्वरांपलीकडे बांबू ताणू नये, असं माझं ठाम मत आहे. तसंच, नको असलेला आवाज काढताना ठोक्याची शेपटी छाटू नये. पोकळीचा श्वास त्या शेपटीतच असतो.

वडोदऱ्यातल्या सूरसागर तलावाच्या काठी आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स शाखा आहे. तिचं मूळ सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेत. तिथे गायक मौलाबक्षांनी संगीत कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी वापरली. स्वरलिपीत सूर आणि काळ उतरतात, ठोक्याचा पोत सुटतो. सॅम्पलमध्ये पोत उतरतो, आणि निष्काळजीपणा केला तर सूर सुटतो. इंडोनेशियाच्या बांबूच्या वाद्यांबाबत नेमकं हेच होतं. पश्चिम जावामधलं अंकलुंग हलवून वाजवतात. युनेस्कोने २०१० मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. पाश्चात्त्य स्वरसप्तकात लावलेलं अंकलुंग डाएंग सुतिग्ना यांनी १९३८ मध्ये बनवलं. त्याआधीच्या स्थानिक अंकलुंगांचे सूर पेटीच्या पट्ट्यांवर नेमके बसत नाहीत. बालीत तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित बेसूर ठेवतात. एक २०० हर्ट्झला, दुसरं २०६ला. दोन्ही एकत्र वाजली की सेकंदाला सहा वेळा आवाज भरतो आणि ओसरतो. सॅम्पल बनवणारा दोन्ही नळ्या ‘सुधारून’ २०३वर आणतो, तेव्हा ही लाट नाहीशी होते. म्हणून जोडीतल्या प्रत्येक नळीचं मुद्रण वेगळं करावं, तिच्या मूळ सुरात ठेवावं, आणि पेटीशी जुळवून घ्यायचं की नाही हे वाजवणाऱ्यावर सोडावं.