अज्ञात वाहनाचा अपघात आणि उशिराचा दावा : पार्श्वभूमी

धडक देऊन पसार झालेल्या वाहनाचा माग लागला नाही, तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना ठरावीक रक्कम देण्याची तरतूद भारतात १ ऑक्टोबर १९८२ पासून आहे. तेव्हा ती मृत्यूसाठी ५,००० आणि गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती ८,५०० आणि २,००० वर नेली, १९९४ च्या दुरुस्तीने २५,००० आणि १२,५०० केली, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षे तिला कोणी हात लावला नाही. १ एप्रिल २०२२ पासून हे आकडे २ लाख आणि ५० हजार आहेत. मात्र रक्कम वाढली तरी ती वेळेत मागता येणे हा प्रश्न वेगळाच राहिला, आणि त्याचे मूळ मुदतीच्या इतिहासात आहे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या खास न्यायालयापुढे, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध करायच्या नेहमीच्या दाव्याला आरंभी साठ दिवसांची मुदत होती, ती पुढे सहा महिन्यांची झाली, आणि सबळ कारण असल्यास उशीर माफ होत असे. १९८८ च्या कायद्याने या माफीलाच बारा महिन्यांची सीमा घातली. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही सीमा जाचक ठरते, हे लक्षात आल्यावर १९९४ मध्ये संपूर्ण पोटकलमच वगळण्यात आले. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आता अशा दाव्याला मुदतीची आडकाठी नाही आणि प्रलंबित प्रकरणांनाही याचा लाभ मिळेल. पुढची पाव शतकाहून अधिक वर्षे वकिलांनी आणि पक्षकारांनी हेच गृहीत धरून कामे केली.

२०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. या वेळी उशीर माफ करण्याचे परंतुकही ठेवले नाही, म्हणजे ही तरतूद १९८८ च्या मूळ तरतुदीपेक्षाही कठोर आहे. पोलिसांचा अपघात अहवालच दावा म्हणून स्वीकारता येईल, त्यामुळे जखमीला धावपळ करावी लागणार नाही, असा तिच्या बाजूने युक्तिवाद केला जातो. कागदावर तो बिनतोड आहे. मात्र अहवाल वेळेत पोहोचतो, या एकाच गृहीतकावर त्याची सारी भिस्त आहे.

अज्ञात वाहनाच्या बाबतीत तर गुंता आणखी वाढतो. न्यायाधिकरणापुढील दाव्याला मालक आणि विमा कंपनी लागते, आणि वाहन सापडेपर्यंत ती दोन्ही नावे कोरी असतात. ठरावीक रकमेचा अर्ज मात्र महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. ही रक्कम देण्यासाठी केलेल्या १९८९ च्या योजनेत या अर्जालाही अपघातापासून सहा महिन्यांची मुदत होती. आता वाहन ‘अज्ञात’ केव्हा ठरते? वाजवी प्रयत्न करूनही ओळख पटली नाही तर, असे कायदा म्हणतो. पण ते प्रयत्न संपले हे कोणत्या तारखेला आणि कोणी ठरवायचे, हे तो सांगत नाही. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा निष्कर्ष निघाला की पोलीस ‘अ समरी’चा अहवाल पाठवतात आणि व्यवहारात त्या कागदाचीच वाट पाहिली जाते. पंचनाम्यात हेडलाइटच्या काचा आणि रंगाचे कपचे नोंदलेले असतात, जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण तोवर पुसले गेलेले असते, आणि मांडीच्या हाडात सळई बसवलेला माणूस ‘तपास चालू आहे’ हे उत्तर ऐकून पोलीस ठाण्यातून परततो. समरी हातात पडते तेव्हा सहा महिने सरलेले असतात. उलट, नवव्या महिन्यात वाहन सापडले, तर न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद झालेला असे. जखमीच्या हातात नसलेल्या तपासाचा कालावधी त्याच्याच खात्यावर मांडण्यातला अन्याय कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटला, असे म्हणावे लागते.

वास्तविक ठरावीक रक्कम घेतल्याने मोठा दावा बुडत नाही. पुढे वाहन सापडून पूर्ण भरपाई मिळाली, तर आधीची रक्कम तीतून वळती होते. त्यामुळे वाट पाहण्यात जखमीचा फायदा काहीच नाही. गंभीर दुखापतीची व्याख्या दंड संहितेतून घेतलेली असल्याने, उशिरा येणाऱ्याकडे अस्थिभंग दाखवणारा त्या वेळचा क्ष-किरण अहवाल आणि रुग्णालयातील एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद असली पाहिजे; वर्षानंतर मिळवलेल्या दाखल्याचा तेवढा आधार होत नाही.

२०२२ मध्ये देशात धडक देऊन वाहन पसार झाल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, तर २०२२-२३ या आर्थिक वर्षात योजनेकडे आलेले दावे होते २०५ आणि निकाली निघालेले ९५. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच आकडे समोर ठेवून आदेश दिला की अपघाताची नोंद झाल्यापासून एका महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची आणि चौकशी अधिकाऱ्याच्या पत्त्याची लेखी माहिती द्यावी, आणि त्यानंतरही अर्ज न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्यांच्यापर्यंत पोहोचावे. ‘केव्हा’ या प्रश्नाला त्यातून निदान एक महिना असे कामचलाऊ उत्तर मिळाले. न्यायाधिकरणापुढील सहा महिन्यांच्या मुदतीला दिलेल्या आव्हानांत नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला.