आरोह, अवरोह आणि ‘उलट्या उतारा’चा प्रश्न : पार्श्वभूमी

एप्रिलमधल्या दुपारी वीटभट्टीचा धूर सरळ वर जात नाही. तो काही क्षण झेपावतो, मग खाली येऊन शेजारच्या शेतात टेकतो आणि पुन्हा उचलला जातो. जमिनीलगतच्या एक-दोन किलोमीटर जाडीच्या सीमास्तरात आरोही आणि अवरोही प्रवाह जे मिश्रण घडवतात, त्याचे हे साधे रूप आहे. हवामानाच्या प्रारूपांत मात्र हेच मिश्रण मांडताना दीर्घकाळ जी अडचण आली, तिचे मूळ एका थंड समुद्रावर आहे.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर पुढच्या वर्षी हिमनगांच्या टेहळणीसाठी न्यूफाउंडलंडच्या परिसरात एक जहाज पाठवण्यात आले. त्यावरून पतंगांना उपकरणे बांधून घेतलेल्या नोंदींच्या आधारे १९१५ मध्ये असे मांडले गेले की, हवेतले भोवरे उष्णता वाहून नेतात ती रेणूंच्या विसरणासारखीच, फक्त कितीतरी पटींनी जोमदारपणे. म्हणजे तापमानाचा उतार (उंचीनुसार होणारा त्यातला बदल) आणि एक गुणांक यांच्या गुणाकाराने हे वहन काढता येते. १९२५ मधील ‘मिश्रण लांबी’च्या, म्हणजे हवेचा पुंजका भोवतालात मिसळण्याआधी जे अंतर कापतो त्याच्या, कल्पनेने या विचाराला आणखी बळ दिले. पण त्या समुद्रावर उबदार हवा थंड पाण्यावरून जाताना खालून गार होत होती, म्हणजे आरोही प्रवाहांना तिथे फारसा वावच नव्हता, आणि नेमके तेच सूत्र पुढे तापलेल्या जमिनीवरच्या दुपारला लावले गेले.

त्याचा परिणाम १९४० च्या दशकापासून मोजमापांत दिसू लागला. दाबामुळे पडणारा फरक वजा करून पाहिले, तर दुपारच्या सीमास्तराच्या वरच्या भागात तापमान उंचीनुसार स्थिर असते किंवा किंचित वाढते, तरीही उष्णता वरच जात असते; हाच ‘उलट्या उतारा’चा प्रश्न. सूत्र जपायचे, तर गुणांक अनंत किंवा ऋण मानावा लागतो, जे निरर्थक आहे. याचे कारण असे की जमिनीवरून सुटलेला उबदार झोत आपल्या मूळ ठिकाणची उष्णता घेऊन शेकडो मीटर चढतो आणि वाटेतल्या उताराची त्याला फिकीर नसते. १९६६ मध्ये यावर जो तोडगा निघाला, त्यात सूत्रातल्या उतारातून किलोमीटरमागे सुमारे ०.७ अंशांची एक ठरावीक रक्कम वजा करण्यात आली. अंदाज सुधारले, म्हणून हा तोडगा अनेक वर्षे टिकला. तथापि तो ठिगळच होता, कारण झोत नावाची वस्तू सूत्रात आलीच नाही, आली ती फक्त तिची भरपाई.

अवरोहाची उपेक्षा याहून जुनी आहे. शालेय भूगोलात ‘आरोह पर्जन्य’ आहे. खाली येणाऱ्या हवेला तसे नाव नाही. प्रत्यक्षात दुपारच्या सीमास्तरात आरोही झोत अरुंद आणि वेगवान असून साधारण ४० टक्के क्षेत्र व्यापतात, तर उरलेल्या विस्तृत भागात हवा संथपणे उतरत असते. १९७६ आणि १९७८ च्या प्रयोगांत खालून तापवलेल्या पाण्याच्या टाकीत तेलाचे सूक्ष्म थेंब सोडले, तेव्हा तळाजवळचे थेंब थोड्याच वेळात उचलले गेले आणि काही उंचीवर सोडलेल्यांची मुख्य रास आधी तळाकडे आली. उंच धुराड्याचा धूर दुपारी जमिनीवर का येतो, याचे उत्तर विसरणाच्या सूत्रात नव्हते. ते संथ उतरत्या हवेच्या मोठ्या वाट्यात होते. शिवाय वरची कोरडी, उबदार हवा सीमास्तरात ओढली जाते तीही याच वाटेने, आणि तिने आणलेली उष्णता जमिनीकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी भरते.

भारतात १९९० च्या पावसाळ्यात जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर येथे ३० मीटर उंचीचे मनोरे उभारून मोसमी द्रोणीखालच्या (पावसाळ्यात उत्तर भारतावर पसरणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याखालच्या) सीमास्तराची मोजमापे झाली. त्या उंचीवरून जमिनीलगतचा थर नीट कळतो. झोतांची पूर्ण चढण कळत नाही.

२००० नंतर युरोपात लहान भोवऱ्यांसाठी जुना गुणांक आणि मोठ्या झोतांसाठी स्वतंत्र वस्तुमान-प्रवाह (झोतांतून किती हवा वाहते याचा हिशेब) अशी जोडमांडणी रूढ होऊ लागली, आणि ‘उलट्या उतारा’ची दुरुस्ती बव्हंशी अनावश्यक ठरली. तिथेही आरोहालाच समीकरण मिळाले. अवरोह म्हणजे उरलेली हवा. समुद्रावरच्या सपाट ढगांच्या थरात हे चालत नाही, कारण तिथे ढगाचा माथा प्रारणाने गार होतो आणि मिश्रणाची सुरुवात वरून, उतरत्या झोतांनी होते. गेल्या दशकाच्या अखेरीस अशा झोतांसाठी स्वतंत्र समीकरण काही प्रारूपांत येऊ लागले, तेव्हा न्यूफाउंडलंडच्या पतंगांना शंभरहून अधिक वर्षे झाली होती.