लिफ्टचे बटण, जिन्याचा कठडा आणि विषाणू : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्यातील सोसायट्यांची आणि लहान कार्यालयांची स्वच्छता करताना आम्हाला पावसाळ्यात व थंडीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : इमारतीत कोणाला सर्दी-खोकला झाला, तर त्याचे विषाणू कठड्यावर किंवा लिफ्टच्या बटणावर किती वेळ टिकतात?

ते वस्तू कशाची आहे यावर ठरते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात करोनाचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर 72 तासांपर्यंत आढळला, पुठ्ठ्यावर मात्र 24 तासांनंतर आणि तांब्यावर केवळ 4 तासांनंतर संसर्गक्षम विषाणू सापडला नाही. फ्लूचा विषाणू गुळगुळीत, कठीण पृष्ठभागावर 24 ते 48 तास, तर कापड व कागदावर 8 ते 12 तासांपेक्षा कमी काळ टिकतो. हातांवर आल्यानंतर तो जेमतेम 5 मिनिटे तग धरतो. कापडाच्या धाग्यांत थेंब पसरून लवकर सुकतो, स्टीलवर तो तसाच साचून राहतो, हे या फरकाचे एक मोठे कारण आहे.

यातील 72 हा आकडा ऐकून त्या वर्षी आपल्यापैकी अनेकांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या आणि वर्तमानपत्रे बंद केली. ती काळजी त्या वेळी स्वाभाविकच होती. परंतु तो आकडा शेवटचा अंश सापडण्याचा आहे, धोका तितकाच टिकून राहण्याचा नाही. त्याच प्रयोगात स्टीलवरील विषाणू सुमारे साडेपाच तासांत निम्मे होत होते, म्हणजे पूर्ण एका दिवसानंतर मुळातील विसावा भागच उरतो. शिवाय हे प्रयोग बंद खोलीत, 21 ते 23 अंश तापमानात झाले होते. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या गच्चीच्या कठड्यावर विषाणू याहून लवकर निष्क्रिय होतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून करोना होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे सांगितले. हा आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो. म्हणून बैठकीच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, असे आम्ही आधी सांगतो, जरी त्या कामाचे पैसे आम्हाला मिळत नसले तरी.

याच कारणाने आम्ही जिन्यात औषधाचा धूर किंवा फवारा मारत नाही, आणि तशी मागणी आल्यास नम्रपणे नकार देतो. त्याऐवजी अनेकांचे हात लागतात त्या जागा, म्हणजे लिफ्टची बटणे, कठडे, दाराच्या मुठी, पाण्याच्या कूलरचे नळ, आधी साबणाच्या पाण्याने पुसतो. बहुतेक वेळा एवढे पुरते, कारण करोना आणि फ्लूच्या विषाणूंचे बाह्य आवरण स्निग्ध असते व साबणाने ते विरघळते. घरात आजारी व्यक्ती असल्यास त्यानंतर 0.1 टक्के हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) वापरावे : बाजारातील 5 टक्क्यांच्या द्रावणाचा 1 भाग आणि पाण्याचे 49 भाग. हे मिश्रण रोज ताजे करावे, लावलेली जागा किमान एक मिनिट ओली राहू द्यावी, आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. स्टीलवर त्याचे डाग पडतात, म्हणून लिफ्टच्या बटणांसाठी आम्ही 70 टक्के अल्कोहोल कापडावर घेऊन वापरतो. बटणांवर थेट फवारल्यास द्रव आतील वायरिंगमध्ये उतरतो.

इमारतीत कोणी आजारी असल्यास सोसायटीच्या सचिवांनी आम्हाला फक्त मजला कळवावा. नाव सांगण्याची गरज नाही. त्या मजल्यावरील जागा आम्ही त्या आठवड्यात दिवसातून दोनदा पुसू.